टायमिंग गिअर तुटला : इंजिन किती गेले ते कसे ओळखावे?



गळीत हंगाम सुरू झाला की तोड, टोळी, मुकादम, काटा आणि गव्हाण यांखेरीज आपल्या तोंडी दुसरा विषय नसतो. पण फडातला ऊस गव्हाणीपर्यंत पोचवणारी गाडी बंद पडेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. ती बंद पडली म्हणजे तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उतारा घटतो आणि पुढच्या फडातली टोळी हातावर हात ठेवून बसते. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतला आणि वाहतुकीचा करार केला, त्यांचा हप्ता मात्र थांबत नाही.

गाडीचे अनेक रोग आहेत. पाटा तुटला, क्लच प्लेट गेली, सेल्फ बसला, तर दुखणे कुठे आहे ते दिसते आणि खर्चाचा अंदाज येतो. टायमिंग गिअर तुटला तर तसे होत नाही. तुटतो एक गिअर, पण त्याच्या मागोमाग आत काय काय गेले ते बाहेरून दिसत नाही. मग एक मिस्त्री म्हणतो, 'गिअर टाका, हेडचं काम करा, गाडी चालू होते जी.' दुसरा म्हणतो, 'फुल इंजिन बांधा, नाही तर आम्ही गॅरंटी देत नाही.' दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. बिचारा मालक मधे उभा. कमी काम केले तर आठ दिवसांनी इंजिन पुन्हा बसायची भीती, जास्त केले तर हंगामाची कमाई गॅरेजात जाते. या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे नीट तपासणी. ती कशी करावी, तेवढेच या लेखात आम्ही सांगणार आहोत. हातात पाना मिस्त्रीचाच राहील. पण काय तपासले आणि काय राहिले हे मालकाला कळले पाहिजे.

या गिअरचे काम काय

विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाचे टॅपेट ज्यांनी कधी जुळवले असतील, त्यांना ही गोष्ट नवी नाही. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरच्या दुप्पट दात असतात. पिस्टन वर येण्याच्या वेळी व्हॉल्व्ह मिटलेला असावा आणि हवा घ्यायच्या वेळी उघडा असावा, हा मेळ हे दात राखतात. डिझेलच्या पंपालाही बहुतेक इंजिनांत याच साखळीतून फेरा मिळतो. तेलाचा पंप आणि हवेचा कॉम्प्रेसरही पुष्कळ गाड्यांत गिअरवरच चालतात.

आपल्याकडच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या धावलेले इंजिन म्हणजे टाटांचे. जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी १९५४ साली करार होऊन जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. तो करार १९६९ मध्ये संपला, पण इंजिनांची ती घडण पुढे कित्येक वर्षे राहिली. ६९२ आणि ६९७ या आकड्यांचा अर्थच मुळी सहा सिलिंडर आणि ९२ किंवा ९७ मिलिमीटरचा बोअर असा आहे. ६९७ मध्ये पिस्टनची धाव १२८ मिलिमीटरची असते. मिनिटाला २,४०० फेरे धरले, तर पिस्टन सरासरी सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेगाने वर-खाली होतो.

आता डिझेलचा स्वभाव लक्षात घ्या. पेट्रोलसारखी ठिणगी इथे नाही. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल पडताच पेटले पाहिजे. त्यासाठी सतरा भाग हवा एका भागात कोंबावी लागते. म्हणजे पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मधे जागा उरते ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. व्हॉल्व्ह मात्र उघडतो आठ-दहा मिलिमीटर. मेळ चुकला की उघड्या व्हॉल्व्हला पिस्टन खालून धडक मारणारच. त्याला सरकायला जागाच नाही.

रस्त्यावर पहिल्या पाच मिनिटांत

मनसरहून नागपूरकडे भरली गाडी येत आहे, असे समजा. पुढून 'खाट्' असा आवाज होतो आणि बटण दाबल्यासारखे इंजिन मरते. डिझेल संपले किंवा लाइनमध्ये हवा धरली, तर गाडी सहसा आधी धक्के खाते, दम सोडते आणि मग बंद पडते. बेअरिंग धरले तर आधी इंजिन जड होते, ठोका येतो. कसलीही सूचना न देता, एका क्षणात आणि आवाज करून मेलेल्या इंजिनात टायमिंगचा संशय पहिला घ्यावा.

अशा वेळी ड्रायव्हरने ताबडतोब क्लच दाबावा आणि गाडी न्यूट्रल करावी. गिअरात असलेली भरली गाडी चाकांच्या जोराने इंजिन फिरवत राहते. मिनिटाला १,८०० फेऱ्यांचा वेग असेल तर दोन सेकंदांत ६० फेरे होतात आणि तितक्या वेळा पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. क्लच लवकर दाबला तर पुष्कळदा वाकलेल्या व्हॉल्व्हवर भागते. मात्र इंजिन बंद पडल्यावर हवेचा कॉम्प्रेसरही थांबतो. टाकीतली हवा थोड्याच ब्रेकांना पुरते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा मारू नये. एका दमात गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक लावावा आणि चाकांना उटी द्यावी.

त्यानंतर 'सेल्फ मारून पाहू का?' हा प्रश्न येतो. मारू नये. ढकलून किंवा दुसऱ्या गाडीला दोर बांधून तर मुळीच चालू करू नये. वाकलेला व्हॉल्व्ह अजून अखंड असतो. सेल्फच्या चार-दोन फेऱ्यांत त्याचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडले, तर पिस्टन, लायनर आणि हेड तिन्ही गेले म्हणून समजा. कुणी आधीच सेल्फ मारला असेल, तर आवाज कसा आला ते विचारून ठेवावे. सेल्फ एरवीपेक्षा हलका, भरभर फिरला तर सिलिंडरांत दाब राहिलेला नाही. 'टक' करून अडकला तर आत काही तरी आडवे आले आहे.

गाडी ओढून न्यायची तर न्यूट्रलमध्ये न्यावी आणि लांबचे अंतर असल्यास प्रॉपेलर शाफ्ट सोडावा. ऊस आधी दुसऱ्या गाडीत चढवून कारखान्याकडे रवाना करावा. तपासणी उद्या झाली तर काही बिघडत नाही, पण ऊस उद्यापर्यंत थांबत नाही.

आधी कागद, मग पाना

नागपूर हे चारी दिशांच्या गाड्यांचे गाव. पूर्वीचे ६ आणि ७ क्रमांकाचे राष्ट्रीय महामार्ग, ज्यांना आता ५३ आणि ४४ म्हणतात, ते इथे भेटतात. अमरावती रोडवर वाडी, भंडारा रोडवर कापसी, कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौक, या भागांत ट्रकचे जे काम म्हणाल ते होते. खराद्यापासून पंपवाल्यापर्यंत सगळे हाकेच्या अंतरावर. तिथले जुने, जाणते मिस्त्री गाडी आल्याबरोबर पाना उचलत नाहीत. आधी ड्रायव्हरला बसवून विचारतात. हीच रीत चांगली.

घटना घडली तेव्हा वेग किती होता? गाडी चढावर होती की उतारावर? कोणता गिअर होता? तेलाच्या काट्याने आधी काही दाखवले होते का? पुढच्या बाजूने खळखळ, घरघर किती दिवसांपासून येत होती? पंप, कॉम्प्रेसर किंवा टायमिंग कव्हर अलीकडे कधी आणि कुणी उघडले होते? ही उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. किलोमीटरचा आकडा टिपावा आणि उघडण्यापूर्वीचे फोटो काढावेत. ड्रायव्हरला दोष द्यायला पुढे वेळ आहे. या क्षणी तोच एक साक्षीदार आहे. तो घाबरला तर खरे सांगणार नाही आणि तपास पहिल्याच पायरीवर चुकेल.

नव्या गाड्यांत आणखी एक साक्षीदार असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या. त्यांत, आणि त्याआधीच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांतही, क्रँक आणि कॅम दोघांवर सेन्सर असतात. दोघांचा मेळ बसत नाही अशी खूण कॉम्प्युटरात राहिलेली असू शकते. बॅटरी सोडण्याआधी किंवा काही पुसण्याआधी ती वाचून, लिहून घ्यावी.

हेड न उतरवता काय कळते

पहिल्यांदा टॅपेट कव्हर काढावे. पुढून पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक हाताने अगदी हळू, थोडासाच फिरवावा. अडल्यासारखे वाटले की तिथेच थांबावे. क्रँक फिरतो आणि रॉकर हलत नाहीत, तर कॅमची साखळी तुटली. रॉकर हलतात पण भलत्याच वेळी, तर गिअरने दात सोडले किंवा चावी सरकली. रॉकर अगदी बरोबर हलत असतील, तर व्हॉल्व्हला बहुधा धक्का लागलेला नाही. दोष पंपाच्या गिअरचा किंवा कपलिंगचा असू शकतो. असे निघाले तर मालकाचे नशीब थोर.

दुसरे काम म्हणजे रॉकर शाफ्ट आणि पुशरॉड काढणे. काढताना प्रत्येक रॉडला नंबर घालावा. एकेक रॉड काचेवर लोळवून पाहावा. वाकडा रॉड लंगडत चालतो. कोणत्या सिलिंडरचे, इनलेटचे की एक्झॉस्टचे रॉड वाकले याची वहीत चौकट करावी. हा नकाशा पुढे फार उपयोगी पडतो.

एक हिशेब इथे ध्यानात ठेवावा. प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा वेळ उघडा असतो. म्हणजे बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात कोणत्याही क्षणी चारेक व्हॉल्व्ह उघडे असतात. गिअर तुटून कॅम जागच्या जागी थांबला असेल, तर मार सहसा एवढ्यांनाच बसतो. बारापैकी दहा-बारा व्हॉल्व्हना मार लागलेला दिसला, तर कॅम लगेच थांबला नव्हता, दात सोडत काही वेळ फिरत होता. म्हणजे गिअर एकदम गेला नाही, आधीपासून जात होता. ही गोष्ट कारण शोधताना कामाला येते.

रॉकर निघाले की स्प्रिंगच्या जोराने शाबूत व्हॉल्व्ह मिटतात. मग दांड्यांच्या टोकांवर सरळ पट्टी ठेवून पाहावे. जो व्हॉल्व्ह वाकून उघडा अडकला असेल, त्याचे टोक इतरांपेक्षा खाली राहते. त्याच्या डोक्याला पिस्टन पुन्हा टेकू शकतो, हे लक्षात ठेवूनच आता क्रँक हाताने जपून फिरवावा. मोकळा फिरला तर खालचा भाग बहुधा जाम नाही. अडला तर जोर करू नये. अडकलेला व्हॉल्व्ह, गिअरच्या दातांत सापडलेला तुकडा किंवा सिलिंडरमध्ये पडलेले व्हॉल्व्हचे डोके, यांपैकी काही तरी आहे.

तिसरी तपासणी हवेची. कॅमच फिरत नसेल तर सेल्फ मारून कॉम्प्रेशनचा काटा लावण्यात अर्थ नाही. त्याऐवजी नोझल काढून त्या जागी घट्ट बसणारा जोड लावावा आणि कॉम्प्रेसरची हवा सोडावी. त्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणलेला असावा. सहा सिलिंडरमध्ये पहिला-सहावा, दुसरा-पाचवा आणि तिसरा-चौथा अशा जोड्या बरोबरच वर येतात. हवेच्या जोराने क्रँक फिरू शकतो, म्हणून फ्लायव्हील अडवावे आणि पंख्यापाशी हात नेऊ नये. मग कान लावावा. हवा इनलेटच्या तोंडातून फुसफुसली तर इनलेट व्हॉल्व्ह गेला. सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट गेला. तेल भरायच्या तोंडातून जोराने आली तर रिंग, पिस्टन किंवा लायनर. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. थोडी हवा रिंगांमधून जुन्या इंजिनात जातेच. पाच सिलिंडरांच्या मानाने सहावा कसा आहे, ते पाहावे.

एवढे काम अर्ध्या-एक दिवसाचे आहे. पुष्कळ ठिकाणी ते गाळून एकदम हेडला हात घातला जातो. मग कोणता दोष आधीचा आणि कोणता नवा, हे कळायचा रस्ता बंद होतो.

हेड उतरल्यावर

हेड निघाले की पिस्टनची माथी पुसण्याआधी पाहावीत. काजळीवर चंद्रकोरीसारखी नुसती खूण असेल, तर व्हॉल्व्हने निसटता स्पर्श केला आहे. बोटाला खड्डा लागत असेल, कड मुडपली असेल किंवा बारीक चीर दिसत असेल, तर पिस्टन बाद. रिंगेची खाच आवळली गेली का तेही बघावे. खाच दबली तर रिंग अडकते आणि पुढे लायनर ओरखडतो.

मग पिस्टनची उंची. एकेक पिस्टन वरच्या टोकाला आणून तो ब्लॉकच्या तळापासून किती वर वा खाली येतो, ते डायल गेजने मोजावे. सहांचे आकडे ओळीने लिहावेत. पाच जवळपास सारखे आणि एक खाली राहिला, तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला असण्याचा संशय घ्यावा. नुसत्या डोळ्यांना हे कधी दिसत नाही. वाकलेल्या रॉडवर बांधलेले इंजिन चालू होते, काही दिवस चांगले चालतेही. मग लायनर एकाच बाजूने झिजतो, बिग-एंडचे शेल जातात आणि दोष नव्या पिस्टनला दिला जातो.

हेडमध्ये व्हॉल्व्ह, त्यांचे गाइड आणि सीट पाहावेत. हेड आडवे ठेवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतले की जिथून पाझरते तो व्हॉल्व्ह बसत नाही. गाइडची खालची कड तडकते, तीही तपासावी. हेडला चीर नाही ना, हे पाण्याच्या दाबावर तपासून घ्यावे. ज्या व्हॉल्व्हला पिस्टनचा स्पर्श झाला तो सरळ दिसला तरी पुन्हा घालू नये. त्याच्या मानेत केसाएवढी चीर राहिली तर भर हंगामात डोके तुटून पडते. पुशरॉड ठोकून सरळ करणे हाही खोटा काटकसरीचा व्यवहार. वाचणारा पैसा थोडा, धोका मोठा.

हरवलेले दात

आता पुढचे टायमिंग कव्हर. काही नव्या इंजिनांत हे गिअर पुढे नसून मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला असतात, तिथे काम वाढते. प्रत्येक गिअरचे किती दात तुटले ते मोजावे आणि तितके तुकडे हातात येतात का पाहावे. शेतकऱ्याला हे सांगायला नको. कडबा कापताना यंत्राचे पाते तुटले, तर तुकडा सापडेपर्यंत आपण तो कडबा बैलापुढे टाकत नाही. इथेही तोच नियम.

तुकडे बहुधा खाली चेंबरमध्ये पडतात. म्हणून चेंबर उतरवलाच पाहिजे. तेल चाळणीतून गाळावे, तळाशी लोहचुंबक फिरवावा. तेलपंपाची जाळी पाहावी. तेलाचा फिल्टर कापून त्याची घडी उलगडावी. घडीत चमकणारी कचकच दिसली तर धातूचा कीस तेलाबरोबर फिरला आहे. मग तेलपंप उघडावा आणि एक-दोन मेन आणि बिग-एंड शेल काढून पाहावेत. शेलच्या मऊ थरात कीस रुतलेला असेल तर सगळे शेल बदलणे आणि क्रँकचे तेलमार्ग धुणे आले. शेल स्वच्छ, पंप स्वच्छ, फिल्टरमध्ये काही नाही आणि सर्व दात मोजून सापडले, तर खालचे इंजिन खोलायचे कारण राहत नाही. 'फुल इंजिन' की 'हेडचे काम' या वादाचा निकाल इथे लागतो. तो मोजमापावर लागावा. ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागू नये.

कॅमशाफ्टही काढून पाहावा. तो वाकला का, बुशात धरला होता का, चावीची खाच रुंदावली का, टॅपेटच्या तळाला खड्डे पडले का, हे सारे तपासात यावे.

गिअर तुटला कशाने?

पुष्कळदा तुटलेला गिअर हाच अपराधी ठरवला जातो. नवा गिअर घातला, काम झाले, असे मानतात. वास्तविक तो बहुतेक वेळा मार खाणारा असतो, मारणारा दुसराच. साखळीतले काही तरी अडले म्हणजे दात तुटतात. पाणीमिश्रित डिझेलने पंप धरतो, कॉम्प्रेसर जाम होतो, कॅम बुशात अडकतो. कधी एखादा सैल बोल्ट किंवा पिन गिअरांत पडते. कमिन्सच्या ५.९ लिटरच्या बी मालिकेच्या इंजिनात गिअर केसमधली डॉवेल पिन निसटून दातांत पडते, हा दोष अमेरिकेतल्या गाड्यांत इतका गाजला की तिथले लोक ती पिन जागेवर अडकवून ठेवण्यासाठी वेगळी पट्टी लावू लागले. या घराण्याची इंजिने आपल्याकडे टाटा-कमिन्सने जमशेदपूरला बनवली. अशा इंजिनाचे कव्हर उघडले असेल तर ती पिन जागेवर आहे ना, हे पाहायला मिनिटही लागत नाही.

तुटलेल्या दाताचे तोंड बोलते, वाचता आले पाहिजे. सगळे तोंड सारखेच खरखरीत, दाणेदार असेल तर दात एका फटक्यात तुटला. म्हणजे काही अडले किंवा आत पडले. तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळपट आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेषा, उरलेला भाग ताजा खरखरीत असेल, तर चीर जुनी होती आणि रोज थोडी थोडी वाढत होती. दातांच्या अंगावर खड्डे असतील तर तेल कमी पडले, तेल जुने होते किंवा गिअर नीट भिडत नव्हते. झिजलेल्या जुन्या गिअरशी नवा गिअर जोडला तरीही हेच होते. गिअर बसवताना हातोड्याचे घाव घातले असतील, तर तिथूनही चीर निघते.

म्हणून जोडणीच्या आधी पंप, कॉम्प्रेसर आणि तेलपंप हे तिन्ही हाताने फिरवून पाहावेत. जो जड फिरेल तो उघडावा. कारण सापडल्याशिवाय नवा गिअर घालणे म्हणजे वांगी खाणारी गाय न हाकलता कुंपण नव्याने घालण्यासारखे आहे.

खर्च, बिल आणि विमा

तपासणी संपली की मिस्त्रीकडून कामाची यादी मागावी. 'इंजिनकाम' असा एक शब्द नको. व्हॉल्व्ह किती, पुशरॉड किती, गिअर कोणते, पिस्टन किती, शेल बदलायचे की नाही, खराद्याचे काम काय, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. प्रत्येक ओळीपुढे 'कशावरून' हे विचारावे. 'चौथ्या पिस्टनची कड मुडपली आहे' हे उत्तर झाले. 'असंच करतात' हे उत्तर नव्हे. यादीची रक्कम तयार इंजिनाच्या अदलाबदलीच्या रकमेजवळ जात असेल, तर तोही विचार करावा. अदलाबदलीत मिळणारे इंजिनही अशाच तपासणीने घ्यावे.

विम्याबाबत पुष्कळांचा गैरसमज आहे. नेहमीच्या मोटार पॉलिसीत अपघाताचे नुकसान मिळते, पण झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. गिअर आपोआप तुटून इंजिन गेले तर त्याचे पैसे मिळण्याची आशा धरू नये. पॉलिसीबरोबर जास्तीचे काही संरक्षण घेतले असेल तर त्याच्या अटी वाचून पाहाव्यात.

काम झाल्यावर बदललेले भाग आणि पक्के बिल मागून घ्यावे. नुकत्याच केलेल्या कामातल्या चुकीमुळे गिअर गेला असे दिसले, तर हेच भाग पुरावा ठरतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा वगळली आहे. परंतु जो स्वयंरोजगाराने, केवळ उपजीविकेसाठी गाडी चालवतो, त्याला ग्राहक मानले जाते. तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते. एका गाडीवर घर चालवणाऱ्या सभासदाने हे माहीत करून ठेवावे.

जोडताना आणि चालू करताना

सर्व गिअरांच्या खुणा जुळवून ठेवल्यावर त्यांचा फोटो काढावा. मधे आयडलर गिअर असेल तर एकदा जुळलेल्या खुणा पुढच्या दोन फेऱ्यांत पुन्हा समोरासमोर येतीलच असे नाही. ते पाहून घाबरू नये आणि 'दुरुस्त' करायला जाऊ नये. दातांमधली मोकळीक फिलर गेजने कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे मोजावी. टॅपेट जुळवावेत. त्यानंतर सेल्फला हात लावण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. कुठे अडले नाही तरच पुढे जावे. पंपाचे टायमिंग वेगळे पाहावे लागते.

पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून सेल्फ मारावा आणि तेलाचा काटा वर आल्यावरच इंजिन पेटवावे. थोडे किलोमीटर रिकामी गाडी चालवून तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. लपून राहिलेला कीस या पहिल्या तेलाबरोबर निघतो. त्या तेलाचे पैसे वाचवण्याचा मोह टाळावा.

हंगामाआधीच पाहावे

ऊस वाहतुकीच्या पुष्कळ गाड्या पावसाळ्यात उभ्या राहतात. टाकीत पाणी साचते, ते पंपापर्यंत जाते. हंगाम सुरू होण्यापूर्वी टाकीचा तळ आणि वॉटर सेपरेटर मोकळा करावा. थंड इंजिन सुरू करून आयडलिंगवर ठेवावे आणि पुढच्या कव्हरपाशी कान द्यावा. खळखळ येत असेल, विशेषतः एक्सिलेटर सोडताना, तर दातांची मोकळीक तपासून घ्यावी. तेल वेळेवर बदलावे. निघालेल्या जुन्या तेलात चुंबक फिरवावा. चुंबकाला बारीक मऊ काळे काही लागले तर ती रोजची झीज असते. टोचणारा तुकडा लागला तर गाडी फडावर पाठवू नये.

सभासदांपैकी ज्यांच्या गाड्या करारावर आहेत, त्यांनी हा लेख आपल्या ड्रायव्हर आणि क्लीनरला वाचून दाखवावा, एवढी आमची विनंती आहे. क्लच दाबून सेल्फपासून हात दूर ठेवायचा, हे त्या वेळी त्यालाच आठवले पाहिजे. मालक तर त्या वेळी काट्यावर गाडीची वाट पाहत उभा असतो.